कोपऱ्यावरच्या गाळ्याचं गाणं

हाफिजाबीला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. नगरसेविकापद गेलं म्हणून बिचारी? मग आपल्या बीड जिल्ह्यात पदाला जे गोचिडीसारखे चिकटून बसलेत त्यांना काय म्हणायचं, तेही एकदा ठरवून टाका.

आमच्या गावात बसस्टँडच्या भिंतीला लागून फळांच्या हातगाड्यांची रांग आहे. त्यात मोसंबी-चिकूची गाडी हाफिजाबीची. सासूपासूनची जागा. नवरा खाजामियाँ समोरच मोटारसायकली दुरुस्त करतो. पण गाव तिला ओळखतं ते ढोलकीमुळे. लग्नघरी मुसलमान बायका ढोलकी घेऊन बसतात आणि व्याह्यांची टिंगल करणारी दखनी गाणी म्हणतात. बाकीच्या जणी पाठ असलेली म्हणतात, हाफिजाबी बसल्या जागी नवी रचते. या गाण्यांचा रिवाज असा की, ज्याचं नाव घेतलं त्यानं रागवायचं नाही आणि गाणं संपेपर्यंत जागचं उठायचं नाही. जो उठला त्याची पुढे वर्षभर चेष्टा होते.

तिचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा विजयसिंहदादांना उभी करायला एक बाई हवी होती. दादा म्हणजे आमच्याकडचे बडे बागायतदार, नगरपरिषद त्यांच्या मुठीत. गाणी म्हणणारी बाई आहे, सांगू तिथे हात वर करील, असा त्यांचा हिशेब. हाफिजाबी दणक्यात निवडून आली. पहिल्याच सभेला तिच्याशेजारी खाजामियाँसाठी खुर्ची मांडलेली. आमच्याकडे बाई निवडून येते आणि सभेला नवरा बसतो, यात कुणाला काही वाटत नाही. हाफिजाबीनं ती खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

“ते हितं बसल्यावर गाड्या कोन दुरुस्त करंल? तुमी?” असं तिनं भर सभेत विचारलं.

मी हायस्कूलात इतिहास शिकवते. शाळा सुटली की तिच्या गाडीपाशी थांबायची मला सवय आहे. एकदा मी तिला एका पॅलेस्टिनी कवीची गोष्ट सांगितली. राजकारणापायी तो तुरुंगात गेला, पुढे लोकांनी त्याला आपल्या शहराचा महापौर केलं, इस्रायलच्या संसदेतही पाठवलं. आम्ही आमच्या जमिनीवरून हलणार नाही, हे तो कवितेतून सांगत आला होता.

ती चिकू निवडत होती. हात थांबवून तिनं विचारलं, “कुर्सी भेटल्यावर बी त्येच बोलला का?”

“तेच बोलला.”

“मंग खरा हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा चिकू निवडायला लागली.

वर्ष व्हायच्या आत दादांचा ठराव आला. हातगाड्या उठवायच्या, बायपासच्या पलीकडे न्यायच्या, आणि स्टँडच्या भिंतीशी दुकानांचे गाळे बांधायचे. बायपासच्या पलीकडे फळं घ्यायला कोण जाणार, वाऱ्यानं उडून आलेले पॉलिथिनचे कागद? गाडीवाल्यांच्या घरी चुली बंद पडायची वेळ. दादा स्वतः हाफिजाबीच्या घरी गेले. “भाभी, कोपऱ्यावरचा गाळा तुमचा. कुनाला बोलू नका. आन पक्षाचा आदेश हाय, हात वर करायचाच. आदेश मोडला तर पद जातंय, ठाव हाय ना?”

ती गप्प राहिली. दादांनी तो होकार धरला. मोठ्या माणसांची ही खोडच असते, समोरचा गप्प बसला की ते खूश होतात.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सभेच्या आदल्या आठवड्यात दादांच्या लेकीचं, तेजश्रीचं लग्न होतं, आणि हळदीला गायला त्यांनी हाफिजाबीला बोलावलं. बाई आपल्या अंगणात गायली म्हणजे आपली झाली, हे सगळ्या नगरसेवकांना दिसावं, ही हौस. रिवाज त्यांना लहानपणापासून माहीत होता. आपल्यावर कुणी गाईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी मांडवात मी होते. आधी तिनं नवरदेवाची खेचली, मग वरमाईची. माजलगावहून आलेले व्याही राधाकिशनराव पोट धरून हसत होते. मग तिनं ढोलकीचा ठेका बदलला आणि थेट दादांकडे बघितलं.

*दुल्हन के बापू दिलवाले बडे,*
*कोने का गाला मेरेकू दिये,*
*पूछो रे उनकू, पूछो रे लोगां,*
*ठेलेवाले सारे किधरकू गये?*

बायकांनी ते उचललं. दादांचा चेहरा हळदीखालीही लाल झालेला दिसत होता. ते उठायला लागले तसा राधाकिशनरावांनी त्यांचा हात धरला. “बसा की व्याही! गानं कुठं संपलंय? आन कोपऱ्याचा गाळा खरंच दिला का हो यांना?”

दादांच्या आधी नगरसेवक बद्रीनाथ बोलला. जिलबी हातात तशीच धरून तो म्हणाला, “दादा, कोपऱ्याचा तर मला म्हनले व्हते!”

“मला बी!” मागून परमेश्वर ओरडला. तोही नगरसेवकच.

मांडव हसून हसून लोळायला लागला. दादा बसून राहिले, दात दाखवत. उठता येईना, रागवता येईना. हाफिजाबी ते कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मी इतक्या टाळ्या पिटल्या की हात लाल झाले.

सभेच्या दिवशी बद्रीनाथ आणि परमेश्वर दोघांनाही ताप आला. डॉक्टरच्या चिठ्ठ्या आल्या, माणसं आली नाहीत. आपल्याकडचे मर्द असे. दादांच्या बाजूच्या खुर्च्यांवरून विरोधात एकच हात वर गेला, बांगड्यांचा. विरोधी पक्षाचे हात होतेच, त्यात ही भर पडली आणि ठराव पडला.

तिसऱ्या दिवशी दादा गाडीपाशी आले. मी तिथेच मोसंबी सोलत उभी होते. रांगेतल्या सगळ्या गाड्या कान देऊन होत्या. दादांनी आवाज मऊ केला. “भाभी, मला बी तुमचं पद घालवायचं न्हाई. चुकून हात वर गेला, एवढं लिहून द्या. मी कलेक्टरकडं तक्रार करत न्हाई. पुन्हा ठराव आनू, तवा नीट हात वर करा. पुढच्या टायमाला बी तिकीट तुमालाच.”

समोरून खाजामियाँ हातातला पाना तसाच धरून बघत होता. या पदासाठी मी तिच्याबरोबर दारोदार फिरले होते. वॉर्डात पहिल्यांदा नळाला पाणी तिनं आणलं होतं. तिनं पद सोडू नये असं मला वाटत होतं, आणि लिहून देऊ नये असंही.

हाफिजाबीनं तागडीत मोसंबी टाकली, काटा नीट मधे येईपर्यंत थांबली. मग दादांकडे बघून शांतपणे म्हणाली, “दादा, ह्यो हात लगीन झाल्यापून तराजू धरतोय. चुकून वर जात न्हाई त्यो. करा तुमी तक्रार.”