बोकडाचं शेपूट

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बोळात लालासाबचं मटणाचं दुकान होतं. जनावर सोललं तरी शेपूट केसांसकट ठेवायचं, म्हणजे घेणाऱ्याला बोकड की मेंढी ते दिसतं, असा तिथल्या बाजाराचा नियम. लालासाब तेवढ्यावर थांबायचा नाही. "आज मेंढी हाय पावणं, वास येणार," असं तोंडावर सांगून त्यानं कित्येक गिऱ्हाइकं परत पाठवली होती. तीच माणसं पुढच्या रविवारी त्याच्याच दारात उभी असायची.

सत्तर साली छातीत कळ येऊन तो गेला. मागं बायको कुलसुम आणि सात वर्षांची सलमा. दुकान धाकट्या भावानं, मीरासाबनं, हातात घेतलं. पाटीवर नाव लालासाबचंच ठेवलं. कुलसुम मीरासाबच्या घरातच मागच्या खोलीत राहायची आणि लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. तिचा टाका जोंधळ्याच्या दाण्याएवढा. दोरा संपला की ती गाठ मारायची नाही. दोन टाके उलटे घालून टोक आत पुरायची. तिची वाकळ अंगाला कुठं टोचत नाही, असं बायका म्हणायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात जतकडनं म्हाताऱ्या, हाडं वर आलेल्या मेंढ्या ट्रकांनी येऊ लागल्या. एका सकाळी मीरासाब सोललेली मेंढी खांद्यावर घेऊन मागच्या खोलीत आला. दुसऱ्या हातात बोकडाचं कापलेलं शेपूट होतं. चारच टाके घालायचे, बाकी काही नाही, म्हणाला. कुलसुमनं पाटीवरच्या नावाची आठवण दिली. तो चिडला नाही.

"भाबी, सलमाची शाळा न् तुमची भाकरी त्याच पाटीवर चालतीया की."

तिनं सुई घेतली. गार, बुळबुळीत मांसात सुई सरकायची नाही, बोटं घसरायची. दोऱ्याचा मागमूस दिसू नये इतकं बारीक शिवायला ती आठवड्यात शिकली. तीन महिने हे चाललं. वाकळ हातात घेण्याआधी ती राखेनं हात घासायची, तरी सलमा तिच्या कुशीत झोपताना तोंड फिरवायची.

पलीकडच्या गल्लीत झुंबरबाई राहायची. तिचा नवरा गणपतराव क्षयानं अंथरुणाला खिळला होता. त्याचं खाणं सुटलं होतं, फक्त बोकडाची अळणी, मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, तेवढी पोटात राहायची. अंगावर कुलसुमनंच शिवलेली वाकळ होती.

श्रावण सरल्यावरच्या पहिल्या रविवारी झुंबरबाई कुलसुमच्या खोलीत आली. हातातल्या वाटीत शेपटीच्या बुडाजवळचा शिजलेला तुकडा होता. मीरासाबनं घाईत तो दोऱ्यासकट तोडून दिला होता. झुंबरबाईनं सांगितलं, मालकांनी वाटी तोंडाला लावली आणि लोकरीचा वास येतोय म्हणून बाजूला सारली. मग तिनं नखानं दोरा उचलला. टोकाला गाठ नव्हती, दोन उलटे टाके होते.

"ह्यो टाका तुझा हाय न्हवं?"

"व्हय."

"कशाचं व्हतं?"

"म्हाताऱ्या मेंढीचं, आक्का."

झुंबरबाई भांडली नाही, कुणाला सांगायलाही गेली नाही. वाटी तिथंच ठेवून उठली. नवव्या दिवशी गणपतराव गेला. तो जाणारच होता, डॉक्टरांनी आधीच तसं सांगितलं होतं. पण शेवटचे आठ दिवस त्यानं अळणीला तोंड लावलं नाही, मटण म्हटलं की त्याला तोच वास यायचा. हे कुलसुमला शेजारणीकडून कळलं.

गणपतराव गेल्यानंतरच्या रविवारी दुकानापुढं रांग लागली होती. कुलसुम डोक्यावरचा पदर सावरत पुढं गेली आणि टांगलेल्या मेंढीचं शेपूट धरून हिसकलं. ते हातात आलं. ही मेंढी आहे, शेपूट मी शिवलंय, असं तिनं रांगेला सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. चार-सहा माणसं शिव्या घालत निघून गेली. बाकीची थोडी थांबली. मग त्यातला एकजण मीरासाबला म्हणाला, "मेंढी तर मेंढी. भाव कमी कर म्हंजे झालं."

आणि रांग पुढं सरकली.

कुणीतरी तक्रार केली. निरीक्षक आला, पंधरा दिवस दुकानाला कुलूप लागलं, सोळाव्या दिवशी उघडलं. कुलसुमला मात्र त्याच रविवारी संध्याकाळी खोली सोडावी लागली. तिनं दुसऱ्या पेठेत जागा बघितली, पण वाकळ शिवायला कुणी लुगडी देईना. मढं शिवलेल्या सुईची वाकळ अंगावर नको, असं एकीनं दारातनंच सांगितलं. झुंबरबाईनं आपली वाकळ नवऱ्याच्या कपड्यांबरोबर नदीला सोडली होती.

शेवटी सलमाला घेऊन ती हुपरीच्या एसटीत बसली. तिथं एका घरच्या कारखान्यात चांदीच्या पैंजणाला घुंगरू जोडायचं काम मिळालं. आठ-नऊ वर्षं भट्टीच्या उजेडात बसून तिची नजर गेली. सलमाचं लग्न झालं होतं. जावयानं कुलसुमला आपल्या गावी नेलं. माणूस वाईट नव्हता. पण कोल्हापूरची गोष्ट त्याच्या कानावर आली होती. शेजाऱ्यांनी चौकशी केली की तो सांगायचा, सासू मूळची हुपरीची, चांदीकामवाल्यांच्यातली.

कुलसुम भिंतीला टेकून ते ऐकायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं तोंड उघडलं होतं. सलमानं तिचा हात दाबला. पुढं कुणी विचारलं तर तीही हुपरीच सांगू लागली.