महिनाभर हात लावू नका

काच आठवडाभर पुसली नाही की धूळ साचते. आमच्या धंद्यात उलटं आहे, लोकांनी काच पुसली की किस्सा साचतो!

पेणमध्ये घरांच्या खिडक्यांना काळी फिल्म लावायचं काम मी करते. हो, मीच. ओढणी कमरेला खोचून, शिडीवर चढून. सासूबाईंना ते पहिल्या दिवसापासून खुपतंय. त्यांनी साफ सांगितलं, "पहिली तक्रार दारात आली की शिडी माळ्यावर. मग ती खाली येनार नाय."

मीही हट्टी. म्हटलं, तक्रार येऊच देणार नाही. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर लिहून देते आणि वर फोन करून बजावते: महिनाभर हात लावू नका, फिल्मखालचं पाणी सुकलं की फुगे आपोआप जातात. मग मऊ फडकं आणि साबणाचं पाणी. वर्तमानपत्र नको, उग्र वासाचा स्प्रे नको, ब्लेड तर नकोच. सासूबाई ओट्यावर वाल सोलत हे सगळं ऐकतात, तोंड वाकडं करून.

* * *

कासू गावच्या एका काकूंना वेगळीच भीती. गाड्यांच्या काळ्या काचांना पोलीस दंड करतात, मग घराला नाही का करणार? शिडीवरून उतरवून मला तीनदा विचारलं.

शेवटी म्हटलं, "काकू, घर हायवेवर काढणार आहात का?"

तेव्हा कुठे चहा मिळाला.

* * *

गडब गावच्या दुकानदारीणबाईंनी चौथ्या दिवशी कौतुकानं बोलावून घेतलं. बघते तर सगळी फिल्म सुईनं टोचलेली! एकेक फुगा शोधून फोडला होता. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, ते आपोआप जाणार होते.

त्या म्हणाल्या, "महिनाभर फुगं बघत बसू? मला काय दुसरी कामं नायत?"

मी ती काच पुन्हा करून दिली. तक्रार नको, बास.

* * *

पेणच्याच एका गणपतीच्या कारखान्यात फिल्मवर प्लास्टरचे शिंतोडे उडाले. ओल्या फडक्यानं भिजवले असते तर सुटले असते. पण मालकांनी हाताशी होता तो पॉलिश पेपर घेतला आणि काच घासून काढली. आता त्या खिडकीतून रस्ता दिसत नाही, नुसतं धुकं.

मी चिडले, तर ते शांतपणे म्हणाले, "बाप्पाला आम्ही हाच लावतो. त्यानं कधी तक्रार नाय केली."

देव साक्षीला आणलेला!

* * *

आणि मग रोह्याचे ते रिटायर्ड साहेब. मी फिल्म लावत होते तेव्हाही "माणूस कधी येणार?" असंच विचारत होते. एके सकाळी ते थेट आमच्या दारात उभे. फिल्म पांढुरकी झाली, कडा सुटल्या, काम बेकार.

मी आतल्या खोलीत होते. ओट्यावर सासूबाई.

त्यांनी वालाची परात बाजूला ठेवली आणि विचारायला लागल्या. काच कधी पुसली? दुसऱ्याच दिवशी. कशानं? पेपरनं. अजून काय मारलं? तो निळा स्प्रे. कागद दिला होता ना, त्यात महिनाभर हात लावू नका लिहिलं होतं ना? होतं. मग?

साहेब म्हणाले, "बाईमाणसानं लिहिलेलं काय एवढं मनावर घ्यायचं? आता तरी नीट माणूस पाठवा."

सासूबाईंनी आत वळून हाक मारली, "शिडी काढ गो."

मी बाहेर येऊन कसंबसं विचारलं, "माळ्यावर टाकायची?"

पदर खोचत त्या उठल्या.

"नाय. रोह्याला. मी येते, खालून धरायला कोनतरी पायजे."