गुंत्याला हात लावायचा नाही म्हणे

रिपोर्टरच्या घरी न छापलेल्या ओळी फार साठतात. डेस्कवरचा माणूस "जागा नाही" म्हणून बातमीचं शेपूट कापतो. ते शेपूट आपल्यामागे घरी येतं, चहाला बसतं आणि आल्यागेल्याला सांगितलं जातं. माझ्याकडची बहुतेक शेपटं राजकारणाची असतील असं लोकांना वाटतं. ती केसांची आहेत. हसू नका. उभी हयात तालुक्याच्या बातम्या करण्यात गेली, सभांमधून खुर्च्या उडताना पाहिल्या, पण एका मुलीच्या डोक्याला फणी लावायची की नाही, यावर मी जितकी भांडले तितकी कशावरच भांडले नाही.

देवळाली प्रवऱ्यात माझ्या घराला ऐसपैस ओटा आहे. रविवारी सकाळी आळीतल्या बाया आपापल्या मुलींना घेऊन तिथं येतात. खोबरेलाची वाटी, कंगवा आणि उवांची बारीक फणी. मोठीच्या पुढे धाकटी, धाकटीच्या पुढे तिच्याहून धाकटी, अशी रांग लागते आणि सगळ्यांचे हात पुढचीच्या डोक्यात. ही पद्धत शेजारच्या वंदनाने सुरू केली. वंदना म्हणजे टेम्पोवाल्या संजयची बायको. त्यांना एकच मुलगी, गौरी, सातवीत.

पालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार या रांगेसमोर येऊन हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं बचत गट आहे.

"ताई, महिलांसाठी काय करू ते सांगा," तो म्हणाला. "स्वच्छता, आरोग्य, काहीही सांगा."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गौरीने तोंडातली रिबीन काढली.

"काका, कोपऱ्यावरच्या नळाला तुमचा फ्लेक्स बांधलाय. तेवढा सोडा. आज आमचा न्हायचा दिवस हाय."

*

महिला पुरवणीचा आणि माझा उभा दावा आहे. एकदा नगरच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, 'आईकडून लेकीकडे: केसांच्या निगेच्या दहा टिप्स' असं करतोय. ग्रामीण टच द्या."

मी ग्रामीण टच दिला. ओले केस विंचरू नका. गुंता टोकाकडून वर सोडवत या, वरून खाली ओढू नका. प्रत्येक मुलीचा कंगवा वेगळा ठेवा. झोपताना वेणी सैल करा. अशा नऊ झाल्यावर शेवटची, दहावी लिहिली: रविवारी सकाळी घरातल्या पुरुषांनी चहा-नाश्त्याचं स्वतः बघावं.

उपसंपादकाचा फोन. "मॅडम, शेवटची केसांची टिप नाही."

"आहे की. लेकीच्या डोक्याला तासभर लागतो. तो तास बाईने कुठून आणायचा, ते तुम्ही लिहा."

त्याने काही लिहिलं नाही. पुरवणीत नऊ टिप्स आल्या आणि दहावीच्या जागी समुद्रावर केस उडवणाऱ्या बाईचा फोटो. आमच्या बायांनी तो बराच वेळ पाहिला. वंदना म्हणाली, "हिला संध्याकाळी विंचरायला कुणाला बसवत्यात?"

*

वंदनाची शिकवण्याची रीत वेगळी होती. गौरीची वेणी झाली की दोघी जागा बदलायच्या. आई पुढे, लेक मागे. लेकीने आईचे केस विंचरायचे. सुरुवातीला गौरी खसाखसा ओढायची.

मी म्हटलं, "अगं, दुखत असेल ना तुला?"

"दुखतंय की," वंदना डोळे मिटून म्हणाली. "पन आत्ताच शिकंल. उद्या हिला लेक झाली तर ती रडायची न्हाई."

मागून गौरी म्हणाली, "मुलगा झाला तर?"

"तर त्यालाबी शिकव. आमच्या सासूबाईंनी शिकवलं असतं तर आज तुझ्या बापानं घातली असती तुझी वेणी."

संजय समोर टेम्पो धूत होता. तो टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला गेला.

*

आता मुख्य गोष्टीकडे येते.

गौरीला कांजिण्या आल्या. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत कांजिण्या म्हणजे अंगावर देवी आली असं मानतात. उशाशी लिंबाचा पाला. डोक्याला तेल नाही, पाणी नाही, कंगवा तर नाहीच. वंदनाच्या घरात हे नियम पाळायला लावणारी म्हणजे संजयची आत्या. साठी उलटलेली, जन्मभर भावाच्या आणि आता भाच्याच्या घरात राहिलेली. आत्याबाईंच्या डोक्यात जट आहे. शाळेत जायच्या वयात आली, देवीची म्हणून कुणी सोडवली नाही, ठरलेलं लग्न मोडलं. आता ती जट दोरखंडाएवढी झालीय आणि बाई ती पदराखाली गुंडाळून वावरतात. मान कायम एका बाजूला कललेली.

मी जाऊन सांगितलं, "कांजिण्यांत केस विंचरले तर काही होत नाही. हळू हाताने विंचर." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण घरात आत्याबाईंसमोर वंदनाचं चाललं नाही. आजारपण लांबलं. पोरगी उशीवर डोकं घाशीत पडून राहिली. उठली तेव्हा मानेवर केसांचा हा एवढा घट्ट गठ्ठा झाला होता.

आत्याबाईंनी तो पाहिला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "आली. माझ्यामागं हिला घेतलं देवीनं."

म्हणजे बघा. आधी तेल-फणी बंद केली. त्यामुळे गुंता झाला. मग त्याच गुंत्याला देवी म्हणाले. आमच्या धंद्यात याला बातमी तयार करणं म्हणतात, आणि त्यात पकडला गेला तर रिपोर्टरची नोकरी जाते.

*

येत्या मंगळवारी देवऋषी येणार आणि हळद-कुंकू लावून जट पुजणार असं ठरलं. एकदा पुजली की जन्मभर हात लावायचा नाही. गौरीच्या शाळेचं काय, असं मी विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मला कुठं शाळा लागली?"

संजय दोन्हीकडून घाबरलेला. देवीला घाबरायचा आणि बायकोलाही. ओट्यावर येऊन माझ्यासमोरच वंदनाला म्हणाला, "अगं, उगं कशाला विषाची परीक्षा? ऱ्हाऊ दे थोडे दिवस तसंच."

वंदना शांतपणे म्हणाली, "तुमच्या टेम्पोचं ऑइल बदललं न्हाई आन् इंजिन जाम झालं, तर काय कराल?"

"खोलंन की."

"हळद-कुंकू न्हाई लावनार?"

संजय उठून गेला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळाने परत आला तो किराणा दुकानातून खोबरेलाची मोठी बाटली घेऊन. ती ओट्याच्या कडेला ठेवली आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "आत्याला म्हनू नका मी आनली."

*

मंगळवारी देवऋषी आला. कपाळभर मळवट, मनगटात कडी, खिशात दोन मोबाईल. मी आधीच जाऊन उंबऱ्यात बसले होते. "तुम्ही कोण?" त्याने विचारलं. "पेपरवाली," मी म्हटलं. "तुमचं चालू द्या. मी फक्त लिहून घेते." तो जरा चुळबुळला, पण आत्याबाईंनी पाट मांडला होता, माघार कशी घेणार?

गौरीला पाटावर बसवलं. पोरगी नुकतीच आजारातून उठलेली, गालांवर खपल्या. वंदना दाराला टेकून उभी. देवऋषी काहीबाही पुटपुटला, मग भक्तिभावाने वाकला. तो गठ्ठा हातात घेतला आणि डोळ्यांना लावायला तोंडाजवळ नेला.

"महाराज," गौरी मान न वळवता म्हणाली, "डोक्याजवळ नका नेऊ. त्यात उवा झाल्यात. आजारी पडायच्या आधीच वर्गातल्या अर्ध्या पोरींना माझ्यामुळं झाल्यात."

देवऋषीचे हात जागच्या जागी थांबले. मग त्याने गठ्ठा असा सोडला की जणू इस्तरी धरली होती. धोतराला हात पुसले आणि आत्याबाईंना म्हणाला, "आज दिवस चांगला न्हाई."

मी वही उघडली. "उवांना कोणता दिवस चालतो, तेवढं सांगून जा. छापायचं आहे."

*

पार्लरवाल्या ज्योतीने सल्ला दिला, "वंदनाताई, कापून टाका. मी छान बॉयकट करते, दोन महिन्यांत वाढतील."

मलाही ते पटलं होतं. पण वंदना ऐकेना.

"कापली तर लोक म्हनतील देवीची जट कापली. उद्या पोरीला शिंक आली तरी माझ्या नावानं खडे फोडतील. मी सोडवनार. समद्यांच्या देखत सोडवनार. सुटली की दिसंल त्यांना, केसच हुते."

"आणि नाही सुटली तर?"

"पोरीचं डोकं हाय, ताई. मला दुसरं काय काम हाय?"

रविवारी ओट्यावर गौरी मधोमध बसली. शेजारच्या आपल्या दारातून आत्याबाईंनी बजावलं, "देवी कोपली तर माझ्याकडं रडत यायचं न्हाई." आणि त्यांनी वंदनाच्या हातचं जेवण सोडलं. घरात चूल एकच, त्यामुळे आत्याबाई त्या दिवसापासून शेंगदाणे आणि गुळावर राहायला लागल्या. वंदना रोज त्यांचं ताट वाढून ठेवायची, झाकायची, रात्री उचलायची.

गुंता काही एका बैठकीत सुटला नाही. तेल मुरवायचं, बोटांनी बट बट वेगळी करायची, मग टोकाकडून कंगवा. वंदनाची बोटं दुखली की ज्योती बसायची, ज्योती दमली की मी. गौरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदाच म्हणाली, "आई, खरंच देवी असली तर तिलाबी दुखत असंल ना?"

"असली तर म्हनंल, बरं झालं मोकळी केलीस," वंदना म्हणाली आणि पुढची बट हातात घेतली.

*

सुटली. शेवटच्या दिवशी गौरीच्या पाठीवर सगळे केस मोकळे पसरले, गुंता होता तिथं थोडे विरळ, बाकी काळेभोर. दुसऱ्या दिवशी ती दोन वेण्या घालून शाळेत गेली.

मग सगळी आळी देवीच्या कोपाची वाट बघत बसली. कुणी गौरीच्या तब्येतीची चौकशी करायचं, कुणी संजयच्या टेम्पोच्या ब्रेकची. काहीच होईना. उलट त्याच आठवड्यात वंदनाची म्हैस व्याली, रेडी झाली, आणि दुधाला कासंडी पुरेना.

कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "देवी प्रसन्न झाली गं तुझ्यावर."

मी हे सगळं लिहून नगरला पाठवलं. डेस्कवरून उत्तर आलं, "मॅडम, भावना दुखावतील. म्हशीची बातमी वेगळी देता येईल का?"

कोपली असती तरी देवीच, प्रसन्न झाली तरी देवीच. बोटं सुजेपर्यंत विंचरणारी बाई दोन्हीकडे नाही. मी त्या उपसंपादकाला फोनवर जे सुनावलं, ते मात्र इथंही छापता यायचं नाही.

*

आणि हा त्यानंतरचा रविवार.

ओटा भरलेला. फण्या चाललेल्या, पोरींच्या कुरबुरी चाललेल्या. तेवढ्यात वंदनाच्या दारातून आत्याबाई बाहेर आल्या. हातात तेलाची वाटी. इतक्या वर्षांत त्या माझ्या ओट्याची पायरी कधी चढल्या नव्हत्या. वाटलं, आता सगळ्यांसमोर शिव्याशाप होणार. वंदना उठून उभी राहिली. मीही कंबर कसली.

आत्याबाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गौरी आईच्या मागे बसली होती; उठलेल्या आईच्या जागी, गौरीकडे पाठ करून त्या बसल्या. वाटी बाजूला ठेवली. पदर खाली घेतला. गुंडाळलेली जट उलगडून ओट्यावर पडली, तिचा धप्प आवाज झाला.

कुणाची फणी हलेना.

"काय बघताय गं?" आत्याबाई म्हणाल्या. "आपापल्या पोरींची डोकी बघा."

मग आवाज खाली आणून गौरीला म्हणाल्या, "सुटायची न्हाई ती. तिचं मागनं बघू. तू नुसतं वरनं तेल लाव. लई वर्सं झाली, डोक्याला कुनाचा हात न्हाई."

गौरीने आईकडे पाहिलं. वंदनाने मान हलवली. पोरीने वाटीत बोटं बुडवली, पांढऱ्या केसांतून भांग शोधला आणि हळूहळू तेल चोळायला लागली. आत्याबाईंचे डोळे मिटले होते.

"आत्याआजी," गौरीने विचारलं, "तुमची आई कशी घालायची वेणी?"

आत्याबाईंना आठवायला वेळ लागला.

"आवळून," त्या म्हणाल्या. "लई आवळून घालायची."