खाली ओढलेला हात

भोसरीच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी पाहुणा सुवार्तिक आला आणि उपदेशाच्या शेवटी म्हणाला, "सर्वांनी डोळे मिटा, कोणी कोणाकडे बघू नका, ज्याला आज प्रभूला जीवन देऊन तारण घ्यायचंय त्यानं हात वर करा," की पहिला हात कुणाचा जाणार हे डोळे मिटूनही सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्योतीराम ओहोळचा! संजीवन सभेला हात वर, उपवास-प्रार्थनेला हात वर. एकदा तर तळेगावला दुसऱ्याच मंडळीत पाहुणा म्हणून गेला आणि तिथूनही तारण घेऊन आला. मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायची, "काकांचं झालं बरं का तारण, चला आता जेवायला." आणि हात तरी कसा! उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनखाली गेलेली, उरलेला फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. लहान लेकरं कुठली डोळे मिटतात? तो हात वर गेला की ती आईच्या पदरात तोंड घालायची.

हात वर केला की सुवार्तिक वरून म्हणतो, "पाहिला, हात खाली घ्या." तशी रीतच आहे. हे शब्द कानावर पडेपर्यंत ज्योतीराम हात खाली घेत नसे. एकदा चष्मा विसरलेला एक म्हातारा सुवार्तिक आला, त्याला काही दिसेना. शेवटचं गायन झालं, आशीर्वाद झाला, लोक चपला शोधायला लागले तरी ज्योतीरामचा हात वरच. शेवटी शालनबाईनं, त्याच्या बायकोनं, पुढं जाऊन त्या सुवार्तिकाला सांगितलं, "साहेब, तेवढं पाहिला म्हणा हो, आमचं घर लांब हाय."

लोक हसायचे. हा पण हसायचा. पण त्याच्या हसण्यात काही राम नसायचा, आणि ते एकट्या शालनबाईला कळायचं.

नेवाशाकडचा गडी. दहावीला आपटला आणि मावसभावाचा हात धरून भोसरीला आला, पत्र्याच्या खोलीत पाच-सहा जणांत राहिला, एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला आणि मग प्रेसवर बसला. बोटं गेली त्या दिवशी बरोबरीची माणसं ओरडली, कुणी फडकं आणलं, कुणी रिक्षा आणायला धावलं. हा आपला हाताकडं बघत उभा. मनात एकच आलं, घेतली. ज्या हातानं केलं त्याच हाताची घेतली. आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर बरं वाटलं. फिटलं म्हणाला.

फिटलं कुठलं! जखम भरली आणि नसलेल्या बोटांना जाणवायला लागलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, होतं असं, बोट जातं पण मेंदूला ते पटत नाही, मुंग्या येतात, ठणकतं. ज्योतीरामला मुंग्या येत नव्हत्या. त्या तीन बोटांच्या पकडीत त्याला एक मनगट जाणवायचं. बारीक, ऊन लागून तापलेलं, लहान पोराचं मनगट. डोळे मिटून प्रार्थनेला बसलं की हमखास.

ते मनगट कुणाचं, ते सांगूनच टाकावं. झाकून ठेवण्यात काय हशील?

ज्योतीराम असेल दहा-अकराचा. रोहिदास त्याचा धाकटा भाऊ. गावाबाहेर आमराईत सभेचा मंडप, मोठी माणसं गोणपाटावर, पोरं अगदी पुढं. सुवार्तिकानं डोळे मिटायला सांगितले. ज्योतीरामनं मिटले आणि लगेच किलकिले केले. शेजारी रोहिदासचा हात वर! ताठ, कानाला चिकटलेला. कुणी शिकवलेलं नाही, कुणी ढकललेलं नाही. आता, हात वर करणाऱ्यांना मागाहून पुढं बोलवायचे आणि सगळ्या गावासमोर उभं करायचे. आणि रोहिदासच्या चड्डीला मागं दोन भोकं होती. चड्डी आधी ज्योतीरामची, भोकंही त्यानंच पाडलेली. आपल्या भावाचं ढुंगण सगळ्या गावाला दिसणार, मास्तरांची पोरं वर्षभर चिडवणार, एवढंच त्या पोराच्या डोक्यात आलं. त्यानं रोहिदासचं मनगट पकडलं, हात खाली ओढला आणि मांडीवर दाबून धरला.

रोहिदासनं डोळे उघडले. भावाकडं बघितलं. मग परत मिटले. वरून आवाज येतच होता, "पाहिला, बाळा. पाहिला. हात खाली घे." पण हे कुणाला? रोहिदासला, की पलीकडं बसलेल्या दुसऱ्या कुणा पोराला? हात खाली यायच्या आधी पाहिला, की पाहिलाच नाही? ज्योतीरामला ते तेव्हाही कळलं नाही. दिवाळीच्या आत रोहिदासला कावीळ झाली आणि पोरगं गेलं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, पाळकांना नाही, लग्नाच्या बायकोलाही नाही. सांगायला गेला की दुसरंच काहीतरी बोलून उठायचा. त्यापेक्षा हात वर करणं सोपं. आपला एक आणि त्याचा एक, असे दोन धरून तो दर वेळी एकच हात वर करायचा आणि वरच्यानं नीट पाहावा म्हणून उशिरापर्यंत धरून ठेवायचा.

अशात मंडळीला नवे पाळक आले. निरंजन त्यांचं नाव. वय कोवळं, बायबल कॉलेजातून ताजे आलेले, बोलणं हळू, पण मुद्द्याला पक्के. त्यांनी शिकवायला सुरुवात केली की तारण माणूस घेत नसतो, देव देतो. जग निर्माण व्हायच्या आधीच त्यानं आपली माणसं निवडलीत. मेलेला माणूस स्वतःहून हात वर करतो का? आधी देव जिवंत करतो, मग हात वर होतो. ही शिकवण कॅल्व्हिन नावाच्या युरोपातल्या जुन्या धर्मपंडिताची. आणि एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं, "यापुढं आपण उपासनेत कुणाला हात वर करायला सांगणार नाही."

झालं! मंडळीत आग लागली. जुने पाळक आबाजी निवृत्त झालेले, पण निवृत्त होतोय कोण! सायकल मारत खोल्याखोल्यांतून माणसं गोळा करून त्यांनी ही मंडळी उभी केलेली. ते भर मिटिंगमध्ये कडाडले, "कोण हा कॅल्व्हिन? भोसरीच्या उन्हात सायकल मारत फिरला होता का तो? देवानं ताट वाढून पुढं ठेवलंय. घास तुमचा तुम्हीच उचलायचा, नाहीतर उपाशी मरायचं!" मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातचे संदेश बंद झाले आणि दोन्हीकडून बायबलच्या वचनांची फेकाफेक सुरू झाली. लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना विचारायला लागले, "काय राव, तुम्ही निवडलेले का उरलेले?" मस्करीच ती, पण तिनं सख्खे शेजारी बोलेनासे झाले.

शालनबाई आबाजींच्या बाजूची. कारण सरळ होतं. तिचा एकुलता एक मुलगा, शांतवन, चाकणला कंपनीत होता आणि त्यानं चर्चला यायचं बंद केलं होतं. "मला नाही पटत, आई," एवढंच म्हणायचा आणि रविवारी ओव्हरटाइम घ्यायचा. ती रोज पहाटे त्याच्यासाठी गुडघ्यावर. "सगळं आधीच ठरलंय म्हनता, तर मी काय उगं फरशी पुसती का गुडघ्यानं? माझ्या लेकराचं नावच न्हाई वरती, असं मला कुनी सांगायचं न्हाई!" असं म्हणून ती रडायची आणि रडत रडतच भाकऱ्या थापायची.

ज्योतीराम मात्र नव्या पाळकांचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकायला लागला होता. कारण निरंजन पाळकांचं खरं असलं, तर रोहिदासला देवापासून खाली ओढायची ताकद कुणाच्याच हातात नव्हती. दहा वर्षांच्या पोराच्या हातात तर नव्हतीच नव्हती.

आधी तो आबाजींकडं गेला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, "पाळकसाहेब, एखाद्यानं हात वर केला आन् दुसऱ्यानं तो खाली वढला, तर?"

आबाजी तावात होतेच. त्यांना वाटलं, हा निरंजनबद्दलच बोलतोय. "ओढणाऱ्याची खैर नाही, ज्योतीराम! त्या जिवाचा जाब देव त्याच्याकडून घेईल! लिहून ठेव!"

ज्योतीराम उठला. चपला उलट्यासुलट्या घालून जिना उतरला.

मग निरंजन पाळकांना गाठलं. तोच प्रश्न. ते हसले. "काका, देवानं निवडलंय त्याचा हात कुणी खाली ओढू शकत नाही. अहो, हात वर झाला हीच तर खूण की आत काम आधीच झालंय." ज्योतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं त्यांचे हात धरले. तेवढ्यावर थांबले असते तर! पण शिकलेला माणूस, अर्धवट सांगून कसा सोडेल? म्हणाले, "अर्थात, नुसत्या हातावरून काही सिद्ध होत नाही. लहान मुलं काय, शेजारच्याचं बघून कशालाही हात वर करतात."

"आन् निवडलेलं नसंल तर?"

निरंजन पाळक म्हणाले, "ते देवालाच माहीत, काका."

झोप गेली माणसाची. अन्न गोड लागेना. एकानं दार धाडकन बंद केलं, दुसऱ्यानं उघडलं आणि परत बंद केलं. नसलेल्या बोटांत ते मनगट आता दिवसाही जाणवायला लागलं. बोटं गेल्यावर तो कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला होता; तिथं खुर्चीत बसला की तो डाव्या हातानं उजवा हात दाबून धरायचा.

भांडण इतकं पेटलं की निरंजन पाळकांनी राहावं की जावं यावर मंडळीची सभाच बोलवावी लागली. आणि गंमत बघा, हात वर करणं बंद करणाऱ्या पाळकांचा फैसला कसा? तर हात वर करून! मंडळीचे सेक्रेटरी दौलतराव मोठा समजूतदार माणूस. ते म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. मी एकटा मोजतो. कोण कुठल्या बाजूला ते बघायला नको, उद्या एकमेकांच्या मयताला जायचंय आपल्याला."

सगळ्यांनी डोळे मिटले. मंडळीचा हॉल वरच्या मजल्यावर, खालच्या वर्कशॉपातून तेलाचा वास येत होता. दौलतराव म्हणाले, "निरंजन पाळकांनी राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

ज्योतीरामनं हात वर केला. ताठ, कानाला चिकटलेला. रोहिदाससाठी. या वेळी फक्त रोहिदाससाठी.

आणि कुणीतरी त्याचं मनगट पकडलं.

डोळे उघडायची हिंमत होईना. मनगट घट्ट आवळलं गेलं, हात खाली आला आणि मांडीवर दाबून धरला गेला. तेव्हा त्यानं डोळे उघडले.

शालनबाई होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. ती मान हलवून 'नको' म्हणत होती. ज्योतीराम तिच्याकडं बघत राहिला. राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याला फक्त एवढंच वाटलं, अगं, तू होय? मग त्यानं पुन्हा डोळे मिटले. वरून दौलतरावांचा आवाज आला, "पाहिले. हात खाली घ्या."

निरंजन पाळक राहिले, थोडक्यात राहिले. आबाजी त्याच पावली आपली माणसं घेऊन निघाले. आकुर्डीला आता त्यांची वेगळी मंडळी भरते.

लोक पांगल्यावर दौलतराव जिन्याखाली शटर ओढत होते. ज्योतीराम त्यांच्यापाशी गेला.

"दौलतराव, माझा हात तुमी पाहिला का? खाली यायच्या आधी पाहिला का नंतर?"

"तुमचा?" दौलतराव कुलूप लावत म्हणाले. "तुमचा मी बघितलाच नाही हो काका. तुमचा सुरुवातीलाच मोजून टाकला होता. मग इतरांचे मोजायला लागलो."

"न बघताच?"

"आता तुमचा काय बघायचा? हात वर करा म्हटलं की तुमचा असणारच. इतक्या वर्षांत तुम्हाला काय मी ओळखत नाही?"

दौलतराव हसून गाडीवर बसले आणि गेलेही. ज्योतीराम शटरला हात टेकून उभाच राहिला. न बघताच. सुरुवातीलाच. तिकडं वरती त्या पोराचाही कुणी असाच मोजला असेल का? कोण सांगणार!

नवराबायको बसच्या थांब्याकडं चालू लागले. मग शालनबाईच म्हणाली, "शांतवनसाठी केलं मी. मला माफ करा. माझ्यानं ऱ्हावलं न्हाई."

तेव्हा त्यानं तिला थांबवलं. आमराई, मंडप, भोकं पडलेली चड्डी, कावीळ, सगळं ज्योतीरामनं रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगितलं. बाजूनं कंटेनर धडधडत जात होते, निम्मं तिला ऐकूही गेलं नसेल. पण ती रडत होती.

"आन् त्यानं डोळं उघडून तुमच्याकडं बघितलं म्हन्ता," तिनं विचारलं, "ते कसं बघितलं?"

ज्योतीरामनं आठवून बघितलं. आयुष्यभर तेच तर आठवत आला होता. "मघाशी मी तुज्याकडं बघितलं ना," तो म्हणाला, "तसंच."

शालनबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मंग त्याला तुमचा राग न्हवता हो आला."

नाशिक रस्ता ओलांडायचा होता. सिग्नल कुठला तिथं! ज्योतीरामच्या डाव्या हाताला शालनबाई होती. उजव्या हाताच्या नसलेल्या बोटांत ते मनगट होतंच, बारीक आणि तापलेलं. ते कुठं गेलेलं नव्हतं, जाणारही नव्हतं. त्यानं ते सोडलं नाही. गाड्या थोड्या थांबल्या तशी त्यानं दोन्हीकडं बघितलं, लहान पोराला धरतात तसं ते जपून धरलं आणि त्याला घेऊन रस्ता ओलांडला.