चापाची तार

बसडेपोत बस धुण्याचं काम करणाऱ्या त्या बाईला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिचीही हरकत नसे. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे. नवरा म्हणायचा, "हिला सकाळी चहा नसला तरी चालतो, भांडण लागतं." पण ती उगाच भडकत नसे, एवढं मात्र कबूल करायला हवं. भडकावं अशाच गोष्टी तिच्या वाट्याला जास्त आल्या, त्याला ती बिचारी काय करणार?

आता हीच गोष्ट घ्या. बस धुवायचं मशीन म्हणजे झाडांना पाणी घालायची नळी नव्हे. त्यातून पाणी असं सुटतं की चाकामागचा घट्ट बसलेला चिखल आणि ग्रीस सोलून निघतं. हातातल्या गनचा चाप दाबून धरला तरच पाणी येतं, सोडला की बंद. गन निसटली तरी चाप सुटतो आणि ती मुकाट जमिनीवर पडते. पण एखादा दीडशहाणा चापाला तार गुंडाळतो, दाबून धरायचे कष्ट नकोत म्हणून. मग निसटलेली गन थांबत नाही. शेपटीवर पाय पडलेल्या सापासारखी उसळते आणि समोर येईल त्याला फोडते.

पैलवानाचं तसंच झालं होतं. धुणाऱ्यांत तो सगळ्यात दांडगा. बोटाला टाचणी टोचावी एवढंच भोक पडलं, रक्तही धड आलं नाही. तो हसला, फडकं गुंडाळलं आणि पाळी संपवून घरी गेला. आत घुसलेलं पाणी आणि ग्रीस कातडीखाली पसरत राहिलं. हात फुगून काळानिळा पडला तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणलं असतं तर कापून आतून साफ करता आलं असतं. दोन बोटं गेली. तोफ त्या वेळी पैलवानाच्या बायकोला धरून बाहेरच्या बाकावर बसली होती. तेव्हापासून चापाला तार दिसली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि तार पुन्हा दिसायला लागली. सकाळी पाळीवर यावं तर चापाला तार. ही पकडीनं तोडून फेकायची, दोन दिवसांनी परत हजर. तिचा संयम, जो काही थोडाफार होता तो, संपला. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर, मेकॅनिक सगळे जमलेले असताना ती तार नाचवत मुकादमासमोर उभी राहिली.

"हे तुमचंच काम! गाड्या लवकर निघाव्यात म्हणून बांधायला लावता."

"मी कशाला लावू? मला काय वेड लागलंय?"

"मग शोधून काढा. जो सापडेल त्याला हाकला. किती जुना आहे, कुणाचा कोण आहे, काही बघायचं नाही. आहे हिंमत?"

चारचौघांत शोभा झाल्यावर मुकादमही इरेला पेटला. "ठरलं. ज्यानं तार बांधली तो गेटाबाहेर. तुझा सख्खा भाऊ असला तरी!"

सगळे खो खो हसले, कारण तिचा सख्खा थोरला भाऊ तिथंच डबा खात बसला होता. दादाही हसला.

दादानंच तिला या कामावर चिकटवलं होतं. वडील गेल्यावर तिचं शिक्षण, तिचं लग्न, सगळं त्यानं निभावलं. गन दोन्ही हातांनी धर, पाय रोवून उभी राहा, चष्मा आणि बूट घातल्याशिवाय पंपाला हात लावू नकोस, हे त्यानंच शिकवलं. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे तिला स्वतःवरच घ्यावा लागला असता.

त्याच आठवड्यात ती एका बसची मागची काच धूत होती, तेवढ्यात पुढून किंकाळी आली. ती धावली. गन फरशीवर थयथय नाचत होती, दादा चाकाला टेकून बसला होता. तिनं आधी झेप घेऊन पंपाचं बटण बंद केलं, मग त्याच्याकडे वळली. चापाला तार होती. उरलेलं वेटोळं दादाच्या खिशातून डोकावत होतं.

"दादा, तू?"

"बोटं मिटत नाहीत गं. वर्ष झालं. चाप दाबून धरवतच नाही."

"मला का नाही सांगितलंस?" रागानं तिचा आवाज फाटला.

"तुला सांगायचं म्हणजे अख्ख्या डेपोला सांगायचं." त्याच्या उजव्या तळव्यात टाचणीएवढं भोक होतं. "काही नाही, टोचलंय नुसतं. ती तार काढ, आणि खिळा लागला म्हण."

तिनं तार काढली. तोवर मुकादम धावत आला आणि त्यानं स्वतःच्या गाडीतून दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय लागलं? "खिळा," दादा म्हणाला. बाईंनी कापूस घेतला. मुकादम शेजारीच उभा होता. दादानं बहिणीकडे पाहिलं. जन्मभर त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आता डोळ्यांनी मागत होता.

"खिळा नाही!" ती ओरडली. "मशीनचं पाणी घुसलंय आत, ग्रीससकट. आत्ताच्या आत्ता कापून साफ करा, नाहीतर हात जाईल याचा!"

डॉक्टरीणबाईंनी कापूस ठेवला आणि फोन उचलला. मुकादमानं सावकाश विचारलं, "गन निसटल्यावर पाणी बंद का नाही झालं?"

तोफ गप्प बसली. डेपोत आल्यापासून तिला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मुकादमाला उत्तर मिळालं.

दादाची बोटं वाचली, सगळी. नोकरी गेली. तोफ मुकादमाच्या खोलीत घुसली. "तार त्यानं बांधली, पण हात कुणी निकामी केला? पाळीला एक माणूस वाढवा, आलटून पालटून गन धरू द्या, म्हणून घसा कोरडा केला मी. ऐकलंत कधी?"

"माणूस मागितलास ते वर कळवलं होतं," मुकादम म्हणाला. "पण हाकला म्हणून कोण म्हणालं? आज तुझ्या भावाला सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

त्याच्या जागी ती असती तर हेच म्हणाली असती, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. मुकादमाचा, दादाचा, त्या वर बसलेल्यांचा, आणि स्वतःच्या जिभेचा.

दादाची पट्टी सुटल्याचं कळलं तशी ती त्याच्या घरी गेली. दार त्यानंच उघडलं.

"हात वाचव म्हणालो होतो मी तुला? गप्प बस म्हणालो होतो. एवढंच!"

त्यानं दार तिच्या तोंडावर आपटलं. मग आतून कडी खडखडायला लागली. बोटं एकेक करून वळवत तो ती सरकवू पाहत होता. मध्येच थांबला, धापा टाकल्या, परत सुरू केलं. ती बाहेर उभी राहून ऐकत होती. दार ढकललं असतं तर सहज उघडलं असतं. तिनं ढकललं नाही. शेवटी कडी लागली. तेव्हा तिनं दारावर सणसणीत लाथ मारली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "उद्या परत येणार आहे मी!"