जहाज वेळेवर सुटलं

माझे काका बस डेपोत कंट्रोलर होते. एकतीस वर्षं. फलाटाच्या टोकाला त्यांची काचेची केबिन, समोर माइक आणि गाड्यांचं वेळापत्रक. डेपोत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे 'घड्याळसाहेब' म्हणायचे. आभाळ कोसळलं तरी गाडी वेळेवर सुटली पाहिजे, असा खाक्या. धावत येणारा प्रवासी दिसला तरी शिट्टी वाजायचीच.

निवृत्त झाले आणि त्यांच्या पायाला भिंगरी लागली. पहाटे पाचला उठून गॅलरीत, तिथून फाटकापर्यंत, परत गॅलरीत. भाजी चार मिनिटं उशिरा शिजली तर काकूला सांगायचे. पेपरवाल्याची तर त्यांनी हजेरीच लिहायला घेतली होती. चार महिन्यांत काकू टेकीला आली. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, प्रवास कंपनीत कामाला. तिनं दोघांना नऊ दिवसांच्या समुद्रसफरीला पाठवायचं ठरवलं.

"बाबा, यात सगळं धरलेलंय," ती म्हणाली. "जेवणखाण, पेयं, उतरून फिरणं, कपड्यांची धुलाई, इंटरनेट. टीपसुद्धा द्यायची नाही. तुम्ही फक्त निवांत बसायचं."

"बसायचं? नऊ दिवस?"

बंदराच्या दारातच त्यांची बॅग एका माणसानं परस्पर उचलली. काका तिच्यामागे निम्म्या वाटेपर्यंत धावले. खोलीत पोचले तर बॅग आधीच हजर. खोली कसली, आमच्या स्वयंपाकघरासारखी दोन मावतील एवढी जागा, पुढं समुद्राकडे उघडणारी गॅलरी. त्या खोलीसाठी एक वेगळा सेवक नेमलेला होता. पांढरे हातमोजे घातलेला तो गृहस्थ अदबीनं म्हणाला, "सर, बॅगेतले कपडे मी कपाटात लावून देऊ?" काका बॅगेवर बसले. तो जाईपर्यंत उठले नाहीत.

जहाज सुटण्याआधी संकटाच्या वेळी कुठं जमायचं याची कवायत झाली. प्रत्येकाला ठरलेली जागा, ठरलेला क्रमांक, हजेरी. नऊ दिवसांत काकांना मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट. आणखी एकदा घेणार का, असं त्यांनी विचारूनही पाहिलं.

पुढं मात्र जीव कशात रमेना. दुपारी त्यांनी सेवकाला विचारलं, "जेवण किती वाजता?"

"केव्हाही, सर."

"केव्हाही म्हणजे किती वाजता?"

तो बिचारा गोंधळला. जहाजावर जेवायच्या सहा जागा होत्या. एका ठिकाणी आपलं आपण वाढून घ्यायचं, बाकीच्या ठिकाणी बसायचं नि लोक आणून द्यायचे. खोलीतला फ्रिज रिकामा केला की पुन्हा भरलेला. टॉवेलला एकदा हात पुसले की तो बदललेला. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांचा कागद उशीवर यायचा. काका त्यावर लाल पेनानं खुणा करायचे आणि एकाही कार्यक्रमाला जायचे नाहीत. सकाळी डेकवर सात फेऱ्या, दुपारी सात, संध्याकाळी मोजायचं सोडून दिलेलं. चौथ्या मजल्यावरून अकराव्यावर, तिथून पुन्हा खाली. कर्मचारी त्यांना वाट विचारायचे, ही काकूची थट्टा. पण थट्टा तिसऱ्या दिवशी संपली.

त्या संध्याकाळी नटूनथटून जेवायला जायचं होतं. काकू ठेवणीतली साडी नेसली होती. काका पावणेसातपासून दारात उभे.

"अगं, चल ना. टेबल भरून जाईल."

"अहो, टेबलं कुठं पळून चाललीत?" काकू आरशातून म्हणाली. "एकतीस वर्षं तुमची ड्यूटी बघून जेवले. आता नऊ दिवस मला भूक लागेल तेव्हा जेवू द्या की."

काका फेऱ्या मारायला निघून गेले. त्याच वेळी ध्वनिक्षेपकावर एक सूचना झाली, ती त्यांनी वाऱ्यात ऐकलीच नाही. उद्याच्या गावातली घड्याळं तासभर मागं आहेत, प्रवाशांनी जहाजाचीच वेळ पाळावी, अशी ती सूचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज एका लहान बंदराला लागलं. काकू कंपनीच्या सहलीला गेली. काकांनी बसमध्ये बसायला साफ नकार दिला. "बसूनच फिरायचं तर जहाज काय वाईट होतं? मी चालत जाऊन येतो." साडेचारपर्यंत परत यायचं, पाचला जहाज सुटणार, हे त्यांना पाठ होतं.

पाय त्यांना कुठं नेणार? बसस्थानकावर. छोटंसंच, पाच फलाटांचं. तिथल्या मोठ्या घड्याळात दहा वाजले होते, काकांच्या मनगटावर अकरा. समुद्राच्या हवेनं आपलं घड्याळ बिघडलं, असं त्यांनी ठरवलं. बसस्थानकाचं घड्याळ चुकेल हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. काटे मागं फिरवून मोकळे झाले.

तिथली कंट्रोलर एक बाई होती. गळ्यात शिट्टी, हातात वही. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. पण दोन गाड्या एकमेकींत अडकल्या तेव्हा काकांनी मागं उभं राहून हातांच्या खुणांनी एक गाडी अशी काही बाहेर काढली, की बाईनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि नंतर शिट्टीसुद्धा दिली. काकांचा दिवस कापरासारखा उडून गेला.

चार वाजून दहा मिनिटांनी ते धक्क्यावर आले. वीस मिनिटं लवकर आलो म्हणून खुशीत होते. जहाज धक्क्यापासून चांगलंच दूर गेलेलं होतं.

तिथं कंपनीचा स्थानिक माणूस एक मोठं पाकीट घेऊन उभा होता. जहाजाच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. त्यानं शांतपणे, सोप्या इंग्रजीत घड्याळांचा तो घोटाळा समजावून सांगितला.

"थांबले नाहीत?" काकांनी विचारलं.

"तीनदा पुकारा केला, साहेब. कंपनीच्या सहलीची बस अडकली असती तर थांबले असते. एकट्यानं गेलेल्यासाठी थांबत नाहीत. जहाज वेळेवर सुटलं."

"बरोबर आहे," काकांच्या तोंडून निघून गेलं. आणि मग ते दोर बांधायच्या खुंटावर बसले. नंतर मला म्हणाले, "तुला सांगतो, त्या क्षणी मला एक बाई आठवली. कडेवर पोर, हातात पत्र्याची पेटी. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली होती. मी शिट्टी वाजवली. तिचं तोंड मला वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं."

पाकिटात त्यांचा पासपोर्ट होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, एक शर्ट होता. खोलीतली कागदपत्रं द्यायला काकूला बोलावलं होतं, तेव्हा तिनंच हे घाईघाईनं भरलेलं. सोबत चिठ्ठी: 'पुढचं बंदर परवा सकाळी सात. गोळी विसरू नका. मी जेवायला थांबणार नाही.'

काका परत बसस्थानकात गेले. कंट्रोलर बाई आधी पोट धरून हसली, मग वहीतलं पान फाडून तिनं तीन गाड्या, तीन वेळा आणि दोन गावांची नावं लिहून दिली. स्थानकावरच्या एका खोलीत त्यांनी रात्र काढली आणि सकाळी सहाची पहिली गाडी पकडली.

दुसरी गाडी मात्र रस्ताभर रेंगाळली. एका फाट्यावर तर ड्रायव्हरनं चक्क इंजिन बंद केलं. लांब माळावरून एक म्हातारा डोक्यावर खोकं घेऊन येत होता. सात मिनिटं लागली त्याला. काका उठले, बसले, पुन्हा उठले. बाकी कुणी हूं की चूं केलं नाही. आपली तिसरी गाडी चुकणार, आणि मग जहाजही चुकणार, या धास्तीनं ते सारखं मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. स्टँडवर उतरले तर तिसरी गाडी उभीच होती. काकांच्या हातातला कागद बघून आधीच्या ड्रायव्हरनं फोन करून ठेवला होता.

"थांबली होती गं," काका मला सांगताना अजूनही चकित होतात. "माझ्यासाठी. पाच मिनिटं. आता ती पाच मिनिटं वेळापत्रकात कुठं लिहायची, सांग!"

संध्याकाळी ते पुढच्या बंदराच्या गावी पोचले. सकाळी साडेपाचपासून धक्क्यावर येरझाऱ्या सुरू. पावणेसातला जहाज आलं, सातला शिडी लागली. लोक उतरू लागले. काकूचा पत्ता नाही. पाऊण तासानं ती आली, काळा चष्मा लावून.

"नाश्ता करून आले," ती म्हणाली. "गोळी घेतलीत?"

"घेतली." काका खाली मान घालून उभे राहिले. "तू फार रागावली असशील."

"दोन रात्री झोपले नाही. पहिली काळजीनं." काकूनं चष्मा काढला. "दुसरी मजेत. चार अनोळखी बायकांबरोबर नाचले. पाय सुजलेत बघा." आणि मग धक्क्यावरच, सगळ्यांसमोर, तिनं त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की काका कळवळले. तेवढ्यात तिचे डोळेही भरून आले.

उरलेल्या दिवसांत काका शहाणे झाले, असं काही नाही. फेऱ्या चालूच होत्या. फक्त तिला घाई करणं त्यांनी थांबवलं. ती डेकवरच्या खुर्चीत पडून राही. ते चालता चालता दर फेरीला तिच्यापाशी क्षणभर थांबत आणि पुढं जात.

याला आता दोन वर्षं झाली. काकू पुन्हा एकदा सफरीला गेली, या खेपेला तिच्या बहिणीबरोबर. काकांनी एक नवीनच खूळ सुरू केलंय. दर गुरुवारी डबा घेऊन डेपोत जायचं, समोर लागलेली पहिली गाडी धरायची आणि ती नेईल तिथं जायचं. मागच्या गुरुवारी मी फोन केला.

"कुठं आहात काका?"

"पाटी नाही वाचली अजून," ते म्हणाले. "चहा चांगला मिळतो इथं."