भट्टीवर भेटलेली बेपत्ता भाडेकरीण

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात दावा दाखल झाला. जबाबदार : घरमालक, ज्यांनी शपथेवर लिहून दिले की भाडेकरीण गेल्या होळीपासून खोली बंद करून बेपत्ता आहे. मार्गशीर्षात समन्स बंद दाराला डकवण्यात आले. जबाबदार : बेलीफ, ज्याने शेजारच्या एकाही दाराची कडी वाजवली नाही, आणि दोन पंच, ज्यांनी घरमालकाचा चहा घेऊन सह्या केल्या. संक्रांत उलटल्यावर एकतर्फी हुकूमनामा झाला. न्यायालयास मी जबाबदार धरीत नाही. समोर ठेवले जाते तेवढेच न्यायालयाला दिसते, आणि समोर ठेवणारे कोण हे वर आलेच आहे. पुढच्या होळीपूर्वी कुलूप तोडून ताबा घेतला गेला.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेपत्ता भाडेकरीण डोक्यावर बोचके घेऊन परत आली. आपली भांडी चाळीच्या ओट्यावर मांडलेली तिला दिसली.

ही नव्वदीच्या सुरुवातीची पनवेलमधली हकीकत आहे. मी तेव्हा दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो होतो. एका वाचनालयाच्या पडवीत आम्ही काही मंडळी दर शनिवारी गरीब भाडेकरूंना मोफत कायदेशीर सल्ला देत असू. वकील आळीपाळीने येत. मी दर वेळी येई, कारण मला दुसरे काम नव्हते आणि रागही पुष्कळ शिल्लक होता.

बाई विधवा, मूळची नेऱ्याकडच्या डोंगराखालची. पावसाळ्यात बाजारात हमाली, दिवाळीनंतर नेरे रस्त्यावरच्या वीटभट्टीवर. दर वर्षी खोलीला कुलूप लावून जाई आणि पावसाआधी परत येई. भाडे थकलेले नव्हते. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर भाडेकरूस काढता येते, हे कायद्यात आहे. पोटासाठी भट्टीवर जाणे हे सबळ कारण आहे, हेही उघड आहे. म्हणून तर ती होळीपासून बेपत्ता असणे घरमालकांना आवश्यक होते.

"भट्टीवर असतेस हे शेठना ठाऊक होतं?" मी विचारले.

"सगल्यांना ठाव हाय, बाबा. आमी काय लपून जातो?"

सगळ्यांना ठाऊक असणे हा पुरावा नव्हे. चाळीतील सगळ्यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्याला काही ठाऊक नसल्याचे मला कळवले. त्यांच्याही खोल्या त्याच मालकाच्या होत्या.

त्याच आठवड्यात मी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. घरमालक समोरच्या बाकावर येऊन बसले. तांदळाचे व्यापारी, बोलायला मोकळे. चाळीपुढे नव्या विटांचा ढीग लागला होता, त्याविषयी मी चौकशी केली.

"माल बघितलात ना, रावसाहेब?" ते म्हणाले. "एक वीट कच्ची दाखवा, चहा माझ्याकडून."

"नशीबवान आहात. आम्हाला निम्म्या फुटक्या मिळाल्या."

"नशीब कसलं? तुम्ही दलालाकडून घेता. मी संक्रांतीला स्वतः उभा राहिलो भट्टीवर. माझी भाडेकरीणच तिथे कामाला. तिने एकेक वीट वाजवून काढून दिली. मुकादम बघत राहिला."

"वा," मी म्हणालो.

"माणसं जोडावी लागतात, रावसाहेब."

हॉटेलमालक हसला. मी चहाचे पैसे देऊन घरी गेलो आणि हे संभाषण शब्दशः लिहून काढले. मी कोणासाठी काम करतो हे त्यांनी विचारले नाही; विचारले असते तर सांगितले असते. मनुष्य शपथेवर खोटे बोलू शकतो. पण सौदा चांगला जमला असेल तर तो व्यापारी मनातल्या मनात ठेवू शकत नाही.

शनिवारी मी बाईला विचारले, की ही गोष्ट तिने आधी का सांगितली नाही.

"त्यात काय सांगायचं? मालक आले, मी पानी दिलं. इटा काढून दिल्या."

"चांगल्या निवडून दिल्यास?"

"मग? वलखीच्या मानसाला कच्ची ईट देऊ?" ती जराशी दुखावली. "मी बोलले, खोलीवर नजर असू द्या. तर मालक बोलले, काय चिंता करू नको."

त्या वेळी तिच्या दाराला समन्स डकवलेले होते.

हुकूमनामा रद्द करण्यासाठी आम्ही मुदतीत अर्ज केला. सोबत बाईचे आणि माझे प्रतिज्ञापत्र. हॉटेलमालकाला बोलावले, तर त्याच्या हॉटेलात रोज फार गर्दी असते आणि त्याला काही स्मरत नाही असे निघाले. घरमालकांच्या वकिलांनी विटांच्या खरेदीचा दाव्याशी संबंध काय, असे विचारले. न्यायाधीशांनी घरमालकांना इतकेच विचारले, "विटा घ्यायला आपण स्वतः गेला होतात का?" घरमालक वकिलांकडे पाहू लागले.

हुकूमनामा रद्द झाला, खोलीचा ताबा परत देण्याचा आदेश झाला. तोवर श्रावण संपत आला होता.

ताबा द्यायला तोच बेलीफ आला. बाई सोबत होती, मीही होतो. खोलीच्या जागी तांदळाचे गोदाम उभे होते, पोती थेट छपरापर्यंत. दार कुठे होते हे बाईने बोटाने दाखवले. तिथे भिंत होती. तिने एका विटेवर बोटाची पेरे वाजवली, कान दिला आणि हात पदराला पुसला.

"पक्की हाय," ती म्हणाली.

बेलिफाने आपला अहवाल लिहिला : खोली मिळून आली नाही. मार्गशीर्षात त्याने भाडेकरीण मिळून आली नाही असे लिहिले होते. अक्षर तेच होते.

पुढे तारखा पडत राहिल्या. बाईने आपली भांडी वाचनालयाच्या पडवीत ठेवली आणि दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली. पुढच्या पावसाळ्यात ती परत आली नाही. परत कुठे यायचे, हा प्रश्न तिला कोणी विचारू नये. मी त्या काळात बरीच पत्रे लिहिली. पोचपावत्या आल्या.

घरमालक हयात आहेत. तो बाकही आहे. माझा प्रश्न एकच आहे : संक्रांतीला भट्टीवर ज्या बाईने तुम्हाला पाणी दिले आणि विटा वाजवून दिल्या, ती त्या दिवशी बेपत्ता होती काय? उत्तर होय किंवा नाही असे द्यावे. वकिलांमार्फत नको आणि खाजगीत तर मुळीच नको. त्याच बाकावर बसून, चारचौघांदेखत, त्या विटांची तारीफ केली होती तेवढ्याच मोठ्या आवाजात द्यावे.